घरकामाच्या मावशींची सरकारी नोंदणी: कोण पात्र, कागद कुठले, आणि तुमची सही कुठे लागते

नवीन मावशी कामाला लागल्या की सोसायटीच्या ऑफिसातून पहिला निरोप ठरलेला, पोलीस व्हेरिफिकेशन करून घ्या आणि गेटच्या अ‍ॅपवर एन्ट्री टाका. मग आपण आधारची झेरॉक्स, फोटो, गावचा पत्ता, मोबाईल नंबर असं सगळं दोन दिवसात गोळा करतो. आता गंमत अशी की याच कागदांमध्ये बँक पासबुकाची झेरॉक्स, रेशन कार्ड आणि तुमच्या सहीचा एक दाखला घातला की त्याच मावशींची राज्य सरकारच्या घरेलू कामगार कल्याण मंडळात नोंदणी करता येते, पण ती मात्र दहा-दहा वर्षं कामाला असलेल्या बायकांचीसुद्धा झालेली नसते कारण घरात तो विषयच निघत नाही. चोरी होईल या भीतीने काढलेली फाईल तिच्या कामालाही येऊ दे की. दोन्ही कामं एकदमच उरकता येतात, कसं ते लिहितेय.

आधी मंडळ काय आहे ते थोडक्यात. पुण्यात १९८० साली मोलकरणींनी संप केला होता, तिथून संघटना उभ्या राहिल्या, आणि त्यानंतर जवळपास तीस वर्षांनी महाराष्ट्र घरेलू कामगार कल्याण मंडळ अधिनियम २००८ हा कायदा आला. भांडी, धुणी, केर-फरशी, स्वयंपाक, मुलं किंवा म्हातारी माणसं सांभाळणं, असं कुठलंही घरकाम पैसे घेऊन करणारी व्यक्ती यात येते, बाईच पाहिजे असं नाही, घरकाम करणारे दादा पण चालतात. वय १८ पूर्ण आणि ६० च्या आत. हे ६० चं लक्षात ठेवा कारण "बघू पुढच्या वर्षी" करत करत खूप जणी याच दारातून बाहेर राहतात.

कागद असे लागतात: आधार, वयाचा पुरावा, राहण्याचा पुरावा (रेशन कार्ड असेल तर उत्तम), बँक पासबुकाचं पहिलं पान, पासपोर्ट साईज फोटो, आणि मालकाचा दाखला की या बाई आमच्या घरी काम करतात. यादी छोटी आहे पण गाडी अडते ती आधारवर, म्हणून तिथे जरा थांबूया.

पहिली भानगड जन्मतारखेची. बऱ्याच मावशींच्या आधारवर १ जानेवारी असते, म्हणजे नक्की तारीख माहीत नव्हती तेव्हा ऑपरेटरने साल विचारून टाकून दिलेली, आणि ते सालही अंदाजाने. त्यामुळे प्रत्यक्षात सत्तावन्न वर्षांची बाई कागदावर बासष्टची निघते आणि अर्ज तिथेच संपतो. आधारवर जन्मतारीख साधारणपणे एकदाच बदलता येते, म्हणून आधी शाळेचा दाखला किंवा जन्माची नोंद काहीतरी हातात येऊ द्या मगच आधार केंद्रावर जा, नुसतं तोंडी सांगून उपयोग नाही.

दुसरी भानगड नावाची, आधारवर सासरचं नाव, पासबुकावर माहेरचं, रेशन कार्डावर तिसरंच काहीतरी. नाव आधारवर दोनदाच बदलता येतं, तेव्हा आधी ठरवा की कुठलं नाव कायम ठेवायचं आणि बाकीचे कागद त्याच्याप्रमाणे करून घ्या. बहुतेक वेळा आधार न छेडता बँकेतलं नाव दुरुस्त करणं सोपं पडतं.

तिसरी, मोबाईल. लिंक असलेला नंबर मुलाचा, नाहीतर कधीच बंद पडलेला. हा बदलायला कुठलाही कागद लागत नाही, फक्त मावशींनी स्वतः केंद्रावर जाऊन अंगठा द्यायला लागतो आणि शंभराच्या आत फी असते. हे सगळ्यात आधी करा कारण पुढे प्रत्येक ठिकाणी ओटीपी. आणि पैसे थेट खात्यात येणार असतील तर ते आधारला जोडलेल्या खात्यात जातात, पासबुक कुठलंही दाखवलं तरी. लाडकी बहीणच्या वेळी २०२४ मध्ये हा धडा घरोघरी मिळालाय, भलत्याच जुन्या खात्यात पैसे जमा होऊन बायका बँकांच्या रांगेत. त्यामुळे ज्यांचे ते पैसे नीट येतात त्यांचं आधार सीडिंग, म्हणजे खातं आधारला जोडणं, झालेलं आहे असं धरायला हरकत नाही, तेच खातं इथे द्या.

आता मालकाचा दाखला. खरं घोडं इथेच अडतं आणि इथे दोष मावशींचा नाही, आपला आहे. "सही करून उद्या काही अंगावर आलं तर?" हे वाक्य मी इतक्या घरांत ऐकलंय, शिकलेल्या, नोकरी करणाऱ्या, स्वतःच्या कंपनीत एचआरशी पीएफवरून भांडणाऱ्या लोकांच्या घरात. तर बाबांनो, या दाखल्यात तुम्ही एवढंच लिहून देता की ही व्यक्ती आमच्याकडे घरकाम करते. पीएफचा कायदा साधारण वीस किंवा जास्त माणसं कामाला असलेल्या आस्थापनांना लागतो, तुमच्या टू बीएचकेला नाही. पोलीस व्हेरिफिकेशनच्या फॉर्मवर तुम्ही हेच लिहून सही करताच की, तेव्हा भीती वाटत नाही.

ऑफिसचा छापील नमुना मिळाला तर तोच भरा. नसेल तर साध्या कागदावर असं लिहिलं तरी मजकूर पुरेसा होतो: "दाखला देण्यात येतो की श्रीमती (पूर्ण नाव, आधारप्रमाणे), वय अमुक, राहणार अमुक, या माझ्या घरी (पत्ता) अमुक महिना-सालापासून घरकाम करत आहेत. कामाचे स्वरूप: केर, फरशी, भांडी. हा दाखला घरेलू कामगार म्हणून नोंदणीसाठी दिला आहे." खाली तुमचं नाव, सही, तारीख, मोबाईल नंबर. नाव आधारप्रमाणे हे मुद्दाम लिहिलंय, कारण आपण प्रेमाने "लता मावशी" म्हणतो आणि कागदावर त्या वेगळ्याच असतात. मावशी चार घरी जात असतील तर ज्या घरी काम जुनं आहे आणि फोन केला तर उचलतील अशा घरचा दाखला घ्या, भाड्याने राहणाऱ्या आणि सहा महिन्यांनी जाणाऱ्यांचा नको.

अर्ज जमा होतो कामगार विभागाच्या जिल्ह्यातल्या ऑफिसात, म्हणजे कामगार उपायुक्त, सहायक कामगार आयुक्त किंवा सरकारी कामगार अधिकारी, जिल्ह्याप्रमाणे पाटी वेगळी असते. महानगरपालिकेत किंवा तहसीलला जाऊन उपयोग नाही, तिथून परतच पाठवतात. मूळ कागद सोबत न्या, झेरॉक्सवर मावशींनी सही किंवा अंगठा करायचा, आणि पोचपावती घेतल्याशिवाय तिथून हलायचं नाही. जमलं तर तुम्ही सोबत जा. अर्धा दिवस जातो पण तो मावशींच्या चार घरच्या खाड्यापेक्षा स्वस्त आहे, आणि खरं सांगायचं तर काउंटरवर इस्त्रीच्या कपड्यातलं माणूस सोबत असलं की उत्तरं जरा सरळ मिळतात, हे वाईट आहे पण आहे.

मिळतं काय? फार मोठं घबाड नाही, आधीच सांगते. प्रसूतीसाठी दोन अपत्यांपर्यंत पाच हजार, नोंदणी असताना मृत्यू झाला तर वारसाला अंत्यविधीसाठी दोन हजार, आणि सन्मानधन म्हणून वयाची ५५ पूर्ण केलेल्यांना एकरकमी दहा हजार. सन्मानधनासाठी नोंदणी चालू पाहिजे, मधे बंद पडलेली नको. दहा हजारात म्हातारपण निघत नाही हे सगळ्यांना कळतं. पण नोंदणीचा खरा उपयोग अडीअडचणीला होतो, एप्रिल २०२१ मध्ये कोरोनाचे निर्बंध लागले तेव्हा राज्य सरकारने घरेलू कामगारांना दीड हजार रुपये जाहीर केले ते नोंदणीकृत असलेल्यांना. ज्यांची कामं चार महिने बंद होती पण नाव यादीत नव्हतं त्यांना काय, काहीच नाही.

म्हणून नूतनीकरण. नोंदणी एकदा केली आणि झालं असं नसतं, ती चालू ठेवायला लागते. मावशींच्या कार्डाचा फोटो तुमच्या मोबाईलमध्ये ठेवा आणि मुदत संपायच्या महिनाभर आधीचा रिमाइंडर लावून टाका, आपण गाडीच्या पीयूसीचा लावतोच.

एक इशारा मधेच देते कारण वस्त्यांमध्ये हे फार चाललंय. बांधकाम कामगारांचं मंडळ वेगळं आहे, तिथे भांड्यांचा संच मिळतो म्हणून एजंट लोक घरकामाच्या बायकांचे फॉर्म तिकडे भरतात. त्या मंडळासाठी मागच्या वर्षभरात ९० दिवस बांधकामावर काम केल्याचा दाखला लागतो, तो एजंट कुठून तरी आणतो, आणि तपासणी झाली की नाव मावशींचं अडकतं, एजंट हजार-दोन हजार घेऊन मोकळा. भांडी घासायला जाणाऱ्या बाईने भांड्यांसाठी खोटा कागद करावा अशी वेळ यायला नको, तिच्या हक्काचं मंडळ आहे ना.

मंडळाच्या बरोबरीने ई-श्रम कार्ड काढून टाका. हे केंद्र सरकारचं, ऑगस्ट २०२१ मध्ये सुरू झालं, असंघटित कामगारांसाठी. वय १६ ते ५९, पीएफ किंवा ईएसआयसी (नोकरदारांचा सरकारी आरोग्य विमा) नसावं. आधार, आधारला लिंक मोबाईल आणि बँक खातं एवढ्यावर घरबसल्या दहा-पंधरा मिनिटांत होतं, बारा अंकी नंबर मिळतो, स्वतः केलं तर फी शून्य. साईट उघडताना शेवटी जीओव्ही डॉट इन आहे ना ते बघा, नकली साईट पैसे मागतात. काही विचारायचं असेल तर हेल्पलाईन १४४३४. ज्या मावशी कर्नाटकातून, बिहारमधून किंवा बंगालमधून आल्यात आणि आधारवर अजून गावचाच पत्ता आहे त्यांच्यासाठी हे आधी करा, कारण हा नंबर देशभर तोच राहतो, उलट राज्याच्या मंडळात इथे राहत असल्याचा पुरावा मागतात आणि भाड्याच्या खोलीचा मालक तो पटकन देत नाही.

त्याच दिवशी बँकेत जाऊन वर्षाला २० रुपयेवाला अपघात विमा, म्हणजे प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना, चालू करून घ्या. वय १८ ते ७०, अपघाती मृत्यू झाला तर दोन लाख. पैसे दरवर्षी मे-जूनच्या सुमाराला खात्यातून आपोआप कापले जातात, त्यावेळी खात्यात शिल्लक नसेल तर विमा बंद, एवढंच सांभाळायचं. तुम्ही भरलेत तरी चालेल, एका वडापावचे पैसे आहेत. आणि विमा आहे म्हणून मावशींना ग्रिलच्या बाहेर उभं राहून खिडकी पुसायला सांगू नका प्लीज, ती काच बाहेरून मळकी राहिली तर राहू दे.

पेन्शनची श्रमयोगी मानधन योजना २०१९ ची आहे, वय १८ ते ४० आणि महिन्याची कमाई १५ हजारांपर्यंत असलेल्यांना. वयाप्रमाणे महिन्याला ५५ ते २०० रुपये भरायचे, तेवढेच सरकार घालतं, साठीनंतर महिना तीन हजार. पस्तिशीत सुरू केली तर १५० रुपये महिना. मला विचाराल तर पंचवीस वर्षांनी तीन हजाराला काय येणार हा प्रश्न आहेच, पण दहा वर्षांच्या आत सोडली तरी स्वतः भरलेले पैसे बचत खात्याच्या व्याजाने परत मिळतात. पस्तिशीच्या आतल्या ताईंना सुचवा, हप्ता तुम्ही पगारावर वेगळा दिलात तर सोन्याहून पिवळं, पगारातून कापू मात्र नका.

राहिलं पोलीस व्हेरिफिकेशन, ज्याने सुरुवात केली होती. महाराष्ट्र पोलिसांच्या सिटीझन पोर्टलवर किंवा थेट तुमच्या भागातल्या पोलीस स्टेशनला माहिती देता येते. फोटो, ओळखपत्राची झेरॉक्स, सध्याचा आणि गावचा पत्ता, ओळखणाऱ्या एकदोन माणसांचे नंबर. मावशींना आधी सांगा की कशासाठी चाललंय, गुपचूप फोटो काढून पाठवणं बरं दिसत नाही. ओरिजनल आधार घरात ठेवून घेऊ नका, काही जण ठेवतात, ते चूक आहे. झेरॉक्सवर कारण आणि तारीख लिहून घ्यायची. आणि फॉर्म भरताना वय नीट बघा, चौदा वर्षांखालच्या मुलांना घरकामाला ठेवायला २००६ पासूनच बंदी आहे, "आईबरोबर येते मदतीला" हे चालत नाही.

तक्रारीचंही एक कलम माहीत असू द्या. कामाच्या घरी लैंगिक छळ झाला तर २०१३ च्या कायद्यात घरकाम करणारी स्त्री स्पष्टपणे येते, तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे करायची, घटनेपासून तीन महिन्यांच्या आत, आणि प्रकरणात तथ्य दिसलं तर समितीने ते सात दिवसांत पोलिसांकडे पाठवायचं असतं. लिहिता येत नसेल तर समितीने लिहायला मदत करायची असंही कायद्यातच आहे. समितीचा पत्ता जिल्हाधिकारी कार्यालयात मिळतो. मावशी दुसऱ्या घरचं काही सांगायला लागल्या तर "जाऊ दे, ते घर सोड" म्हणण्याआधी हा पत्ता त्यांच्या हातात द्या, तीन महिने फार पटकन जातात.