क्लाउड संगणनाचा खर्च (विद्यापीठीय संशोधन)

स्वतःचा सर्व्हर न घेता संगणनक्षमता इंटरनेटवरून भाड्याने घेणे आणि ते भाडे संशोधन अनुदानातून भागवणे. मराठवाड्यात छत्रपती संभाजीनगर (१९५८) आणि नांदेड (१९९४) येथील विद्यापीठे आणि परभणीचे कृषी विद्यापीठ (१९७२) ही संशोधनाची मुख्य केंद्रे. उपग्रहचित्रांवरून सोयाबीन-कापसाचे क्षेत्र ओळखण्यासारखी कामे साध्या लॅपटॉपला झेपत नाहीत. मात्र काम दोन महिन्यांचे असेल तर टँकर (म्हणजे क्लाउड) परवडतो, बारमाही असेल तर विहीरच (स्वतःचा सर्व्हर) बरी.

आकारणी तासावर, कधी सेकंदावर होते. भाड्याच्या यंत्रावर काम चालो न चालो, ते चालू आहे तोवर भाडे चढत राहते. तासाला २०० रुपयांचे यंत्र शुक्रवारी संध्याकाळी सहाला बंद करायचे राहिले आणि सोमवारी सकाळी दहाला ध्यानात आले, तर ६४ तासांचे १२,८०० रुपये होतात. १८ टक्के जीएसटी धरून १५,१०४. खर्चाचा इशारा लावता येतो, पण इशारा नुसता कळवतो, यंत्र आपणहून बंद करत नाही. डेटा चढवणे बहुधा फुकट असते, उतरवून घ्यायला मात्र पैसे पडतात.

खरी अडचण हिशेबाची आहे. सर्व्हर आला की डेडस्टॉक रजिस्टरला (टिकाऊ वस्तूंच्या नोंदवहीत) त्याची नोंद होते, अंगावर क्रमांक रंगवतात, लेखापरीक्षकाला तो दाखवता येतो. क्लाउडचे दाखवायला बिलाखेरीज काही उरत नाही. दरपत्रके मागवायची तर किती तास लागतील हे आधी सांगावे लागते, आणि संशोधनात नेमके तेच ठाऊक नसते. त्यातच खाते उघडायला सहसा क्रेडिट कार्ड लागते. मग मार्गदर्शक किंवा विद्यार्थी स्वतःचे कार्ड वापरतो आणि प्रतिपूर्तीची वाट पाहतो. फेलोशिपवर घर चालवणाऱ्या विद्यार्थ्यावर हा भार टाकणे अन्यायाचे आहे. प्रस्तावातच क्लाउडसाठी वेगळी रक्कम मागावी आणि अधिकृत विक्रेत्यामार्फत रुपयांत बिल घ्यावे. ३१ मार्चपूर्वी रक्कम खर्ची पडावी म्हणून आगाऊ तास विकत घेताना मुदत तपासावी.

कंपन्यांची शिल्लक, केव्हाही काढून घेतली जाणारी ‘स्पॉट’ यंत्रे ९० टक्क्यांपर्यंत स्वस्त मिळतात. त्यासाठी काम थांबले तिथून पुढे सुरू होईल अशी सोय प्रोग्रॅममध्ये हवी. सरकारी पर्यायांत राष्ट्रीय सुपरकंप्युटिंग अभियानातील (२०१५) ‘परम’ महासंगणक आहेत. मार्च २०२४ मध्ये मंजूर झालेल्या १०,३७१.९२ कोटी रुपयांच्या इंडियाएआय या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या अभियानातून जीपीयू (एकाच वेळी असंख्य आकडेमोडी करणारे प्रोसेसर) सवलतीत मिळतात.