उच्छ्वास लांबवला की हृदय का निवतं?

ऑफिसात साहेब तापलेले असताना आपल्याला कुणी ‘शांत हो’ म्हटलं, तर पारा आणखीच चढतो. स्वाभाविकच आहे. हृदयाच्या ठोक्यांना किंवा रक्तदाबाला आपल्याला थेट हुकूम देता येत नाही. तो कारभार स्वायत्त मज्जासंस्था परस्पर पाहते. श्वासाचं मात्र वेगळं आहे. झोपेतही तो आपसूक चालतो आणि ठरवलं तर लगेच आपल्या ताब्यात येतो.

मनगटावर नाडी धरून सावकाश श्वास घेऊन पाहा. आत घेताना ठोके किंचित जलद पडतात, सोडताना मंदावतात. तरुण वयात हे जास्त ठळक असतं. हे मुख्यतः व्हेगस या मज्जातंतूचं काम. मेंदूच्या बुंध्यापासून निघून तो छातीत आणि पोटात उतरतो. हृदय स्वतःच्या लयीत मिनिटाला साधारण १०० वेळा धडधडलं असतं, पण व्हेगस लगाम खेचून धरतो, म्हणून स्वस्थ बसलेलं असताना ते सत्तरीच्या आसपास राहतं. श्वास घेताना हा लगाम सैलावतो आणि सोडताना पुन्हा आवळला जातो.

तो आवळतो कसा, हे ऑटो लोवी या शास्त्रज्ञानं १९२१ साली बेडकाच्या हृदयांवर दाखवलं. एका हृदयाचा व्हेगस उत्तेजित करून त्यातलं द्रावण दुसऱ्या हृदयाला दिलं, तर तेही मंदावलं! ही करामत अ‍ॅसिटिलकोलिन या रसायनाची. लोवींना १९३६ चं नोबेल मिळालं.

इटलीत लुचानो बर्नार्डी आणि सहकाऱ्यांनी २३ निरोगी माणसांना ‘आवे मारिया’ ही लॅटिन ख्रिस्ती प्रार्थना आणि ‘ओम मणि पद्मे हुम्’ हा बौद्ध मंत्र म्हणायला लावलं. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष मजेशीर होता: धर्म दोन, पण श्वास दोन्हींत मिनिटाला सहाच्या घरात आला. रक्तदाबातही साधारण दहा सेकंदांचा चढउतार असतो. दोन्ही लयी जुळल्या आणि रक्तदाब सावरणारी प्रतिक्षिप्त क्रिया अधिक तल्लख झाली. आपल्याकडे तर स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्येच लोणावळ्याला कैवल्यधाम स्थापून योगाला प्रयोगशाळेत नेलं होतं.

श्वास असा संथ केल्यानं कर्जाचे हप्ते कमी होणार नाहीत, हे उघड आहे. तरी करायचंच, तर चार सेकंद घ्या, सहा सेकंद सोडा. हौसेनं भराभर खोल श्वास मात्र ओढू नका. त्यानं रक्तातला कार्बन डायऑक्साइड घटतो, चक्कर येते, बोटांना मुंग्या येतात आणि घाबरलेला माणूस जास्तच घाबरतो.