ख्रिस्ती सृष्टिवाद आणि उत्क्रांतीवरचे आक्षेप

बायबलच्या 'उत्पत्ति' पुस्तकात देवानं सहा दिवसात सृष्टी केली असं आहे, ते शब्दशः खरं मानून डार्विनला चूक ठरवणारा विचार म्हणजे ख्रिस्ती सृष्टिवाद. सगळेच ख्रिस्ती असं मानत नाहीत हं, पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९९६ मध्येच उत्क्रांती ही नुसती अटकळ राहिली नाही असं सांगितलं होतं.

खरं भांडण वयावरून आहे. आर्चबिशप जेम्स अशर यांनी १६५० मध्ये बायबलातल्या पिढ्या मोजून जगाचा जन्म इ.स.पू. ४००४ चा काढला, आणि कट्टर मंडळी अजून पण पृथ्वी सहा ते दहा हजार वर्षांचीच धरतात, एवढ्या वेळात उत्क्रांती होणार कशी. खडकांचे थर म्हणे बायबलातल्या नोहाच्या जलप्रलयात वर्षभरात साचले, १९६१ नंतर अमेरिकेत हे लई पसरलं. आता वेरूळ-अजिंठ्याची लेणी ज्या काळ्या दगडात कोरलीत तो साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा. त्यावर ते म्हणणार किरणोत्सारावरून काढलेलं वयच खोटं. बरं, वय सोडा, मराठवाड्यात घाटात डोंगर कापलाय तिथं दोन काळ्या थरांच्या मधी कुठं कुठं तांबडा पट्टा दिसतो, म्हणजे एक लाव्हा थंड झाला, ऊन-पावसात झिजून त्याची माती झाली आणि मग वरून दुसरा आला. एका वर्षाच्या पुरात पाण्याखाली हे कसं बसवायचं?

दुसरा मुद्दा रचनेचा. इंग्लंडचे धर्मोपदेशक विल्यम पेली १८०२ मध्ये म्हणाले, घड्याळ आहे म्हणजे घड्याळजी असणारच, तसं सजीवांची रचना आहे म्हणजे रचणारा देव असणारच. अमेरिकेतले जीवरसायनशास्त्रज्ञ मायकल बीही यांनी १९९६ मध्ये तेच जिवाणूच्या शेपटीला लावलं, एक भाग काढला की सगळं बंद, मग ती हळूहळू बनली कशी? प्रश्न चांगला आहे, पण तिच्यातल्या बऱ्याच भागांसारखे भाग दुसऱ्या जिवाणूंत वेगळंच काम करताना सापडलेत. २००५ मध्ये अमेरिकेत पेनसिल्वेनियातल्या डोव्हरच्या शाळेत हा रचनेचा विचार आणण्यावरून झालेल्या खटल्यात कोर्टानं हे विज्ञान नाही, धर्मच आहे असा निकाल दिला.

एका जातीतून दुसरी होतानाचे मधले जीवाश्म नाहीत हा आक्षेप आर्किऑप्टेरिक्स (सरपटणारे प्राणी आणि पक्षी यांच्या मधला) आणि टिकटालिक (मासे आणि चार पायांचे प्राणी यांच्या मधला) सापडल्यानंतर उरत नाही.

'माकडाचा माणूस होताना कोणी पाहिला?' हा आवडता सवाल मात्र ख्रिस्त्यांपुरता नाही. जानेवारी २०१८ मध्ये केंद्रीय राज्यमंत्री सत्यपाल सिंह यांनी तो आपल्या औरंगाबादेतच केला, वैदिक संमेलनाच्या निमित्तानं, आणि देशातल्या तिन्ही विज्ञान अकादम्यांना जाहीर निवेदन काढावं लागलं.