डोक्यावरच्या स्पीकरांचा क्रॉसओव्हर

होम थिएटरमध्ये छतात, छताला किंवा भिंतीच्या अगदी वरच्या भागात बसवलेल्या स्पीकरांनी खर्जात किती खाली उतरायचे आणि त्याखालचा आवाज सबवूफरकडे, म्हणजे खास खर्जासाठीच्या स्पीकरकडे, कुठून सोपवायचा, ही सीमा म्हणजे या स्पीकरांचा क्रॉसओव्हर. ती हर्ट्झमध्ये सांगतात आणि रिसीव्हरच्या, म्हणजे सगळे स्पीकर चालवणाऱ्या यंत्राच्या, स्पीकर सेटिंगमध्ये ठरवतात. रिसीव्हरांत साधारणपणे ४० ते २५० हर्ट्झ यांमधले ठरावीक आकडे निवडता येतात. छतात बसवलेल्या बहुतेक स्पीकरांना ८० ते १२० हर्ट्झ मानवतात. खालून छताकडे आवाज फेकणाऱ्या स्पीकरांची सीमा याहून बरीच वर, १८० हर्ट्झच्या आसपास असते. सगळीकडे चालेल असा एकच आकडा नाही. डोक्यावर काय ऐकू यावे यापेक्षा त्या स्पीकरची ताकद किती आणि सबवूफर खोलीत कुठे ठेवला आहे, यांवर तो जास्त अवलंबून असतो.

पार्श्वभूमी

मागच्या किंवा वरच्या स्पीकरांकडे पूर्ण पल्ल्याचा आवाज जाणे ही तशी अलीकडची गोष्ट आहे. डॉल्बी प्रो लॉजिक या जुन्या पद्धतीच्या काळात सराउंडचा, म्हणजे बाजूच्या-मागच्या आवाजाचा, चॅनेल एकच असे आणि तोही सुमारे १०० हर्ट्झ ते ७ किलोहर्ट्झ एवढ्यापुरता मर्यादित. मागे लहान स्पीकर टांगले तरी फारसे बिघडत नसे. तिच्यानंतरच्या डॉल्बी डिजिटलने पाचही मुख्य चॅनेल पूर्ण पल्ल्याचे केले. २०१२ मध्ये चित्रपटगृहांत आणि २०१४ मध्ये घरांत आलेल्या डॉल्बी अ‍ॅटमॉसने उंचीवरचे चॅनेलही तसेच ठेवले. डीटीएस:एक्स आणि ऑरो-३डी या तशाच दुसऱ्या पद्धतींचेही तेच. अ‍ॅटमॉसमध्ये ध्वनिमिश्रक एखादा आवाज सुटा धरून खोलीत कुठेही फिरवू शकतो. त्याने विमान मागून डोक्यावर आणले, तर विमानाचा खर्जही त्याच्याबरोबर छतात येतो. तुमच्या छतातला साडेसहा इंची स्पीकर तो पेलेल की नाही, हे मिश्रकाला कळण्याचा मार्ग नाही. ती काळजी रिसीव्हरने घ्यायची असते.

सर्रास सांगितला जाणारा ८० हर्ट्झ हा आकडा टीएचएक्सकडून आलेला आहे. लुकासफिल्ममध्ये टॉमलिन्सन होल्मन यांच्या कामातून १९८३ मध्ये सुरू झालेले हे मानक पुढे घरगुती थिएटरसाठीही तयार झाले. त्यात ८० हर्ट्झ निवडण्यामागे दोन कारणे होती. एवढ्या खालचा आवाज कोणत्या दिशेने येतो हे घरातल्या खोलीत सहसा ओळखता येत नाही, आणि माफक आकाराचा चांगला स्पीकर तिथवर नीट पोचतो. पण हा हिशेब कानाच्या पातळीवरच्या स्पीकरांसाठी मांडलेला होता. छतातल्या स्पीकरांना तो जसाच्या तसा लावण्याचे कारण नाही.

सीमेवर काय घडते

क्रॉसओव्हर ही भिंत नसून उतार आहे. १०० हर्ट्झ निवडले म्हणून ९९ हर्ट्झचा स्वर छतातून नाहीसा होत नाही. बऱ्याच रिसीव्हरांत स्पीकरकडे जाणारा आवाज सीमेखाली दर सप्तकाला (वारंवारता निम्मी किंवा दुप्पट होण्याच्या अंतराला) १२ डेसिबलने उतरतो, तर सबवूफरकडे जाणारा आवाज सीमेच्या वर दर सप्तकाला २४ डेसिबलने. या विषमतेमागे हिशेब आहे. बंद पेटीचा स्पीकर स्वतःही खाली जाताना सप्तकाला सुमारे १२ डेसिबलने उतरतो. त्याचा हा नैसर्गिक उतार क्रॉसओव्हरच्या सीमेजवळच सुरू होत असेल तर दोन्ही मिळून २४ होतात आणि दोन्ही बाजू जुळतात. सीगफ्रीड लिंकविट्झ आणि रस रायली या अभियंत्यांनी १९७६ मध्ये मांडलेल्या अशा जोडणीत सीमेवर दोन्ही बाजू ६ डेसिबलने खाली असतात आणि त्यांची बेरीज सपाट येते. छतातला स्पीकर मात्र सीमेपाशी असा शिस्तीत वागेलच असे नाही. त्यामुळे कागदावरची सपाट बेरीज खोलीत बहुधा खड्डे घेऊनच येते.

उतार असल्याचा दुसरा परिणाम सबवूफरच्या बाजूने दिसतो. सीमा ८० असेल तर १२० हर्ट्झला सबवूफर जवळजवळ १६ डेसिबलने दबलेला असतो. सीमा १२० केली की त्याच १२० हर्ट्झला तो फक्त ६ डेसिबलने खाली राहतो. पुरुषाच्या आवाजाचा मूळ स्वर साधारण ८५ ते १८० हर्ट्झमध्ये असतो. सीमा फार वर नेली, तर डोक्यावरून बोलणाऱ्याचा अर्धा गळा कोपऱ्यातल्या पेटीतून ऐकू येऊ लागतो.

स्पीकरच्या बाजूने पाहिले तर सीमा वर ठेवण्याचा मोबदला मोठा आहे. तेवढ्याच पातळीचा आवाज एक सप्तक खाली काढायचा, तर स्पीकरच्या शंकूला, म्हणजे हलणाऱ्या पडद्याला, चौपट हलावे लागते. ८० ऐवजी ४० हर्ट्झपर्यंत जबाबदारी टाकली की लहान स्पीकरची हालचाल संपते, विकृती वाढते आणि गडगडाटाबरोबर चाललेला पावसाचा बारीक आवाजही गढूळ होतो. अ‍ॅम्प्लिफायरवरचा भारही खर्जातच सर्वाधिक असतो. सात, नऊ किंवा अकरा चॅनेल एकाच पेटीतून चालवणाऱ्या रिसीव्हरला ही सुटका हवीच असते.

उंची कळते कशावरून

कमी क्रॉसओव्हर ठेवला तर आवाज ‘जास्त वरून’ येईल, असा एक समज आहे. कानाची रचना त्याला पाठिंबा देत नाही. डावे-उजवे आपण दोन कानांपर्यंत पोचणाऱ्या आवाजातील वेळेच्या आणि तीव्रतेच्या फरकावरून ओळखतो. थेट डोक्यावरच्या आवाजात तो फरक जवळजवळ नसतोच. तिथे कानाच्या पाळीच्या घड्या कामाला येतात. त्या येणाऱ्या आवाजात दिशेनुसार ठरावीक ठिकाणी चढ-उतार पाडतात आणि मेंदू ते वाचतो. हे सारे ४–५ किलोहर्ट्झच्या वर चालते, कारण त्याखालच्या तरंगलांब्या पाळीच्या मानाने फार मोठ्या असतात. १०० हर्ट्झची तरंगलांबी जवळजवळ साडेतीन मीटर असते. तिच्यापुढे कानाची पाळी असून नसल्यासारखीच. ध्वनिशास्त्रज्ञ येन्स ब्लाउअर्ट यांनी १९६०च्या दशकाअखेरीस केलेल्या प्रयोगांत ८ किलोहर्ट्झच्या आसपासचा अरुंद पट्टा ऐकवला, तर ऐकणाऱ्यांना तो डोक्यावरून आल्यासारखा वाटे, मग स्पीकर प्रत्यक्षात कुठेही असो.

म्हणजे क्रॉसओव्हर ८० वरून १२० वर नेल्याने उंचीचा भास जात नाही. जाऊ शकते ती आडवी दिशा. सबवूफर पुढच्या कोपऱ्यात असेल आणि मागच्या छतातल्या स्पीकरांची सीमा १५० असेल, तर मागे डोक्यावर कोसळणाऱ्या दरडीचे वजन पुढे सरकते. वर फक्त खडखड उरते. मागे दुसरा सबवूफर ठेवला की हा ताण बराच सैल होतो. अ‍ॅटमॉसच्या चित्रपटगृहांतही सराउंड आणि छतातल्या स्पीकरांचा खर्ज सांभाळायला मागच्या बाजूला वेगळे सबवूफर ठेवण्याची शिफारस आहे, ती याचसाठी.

आकडा निवडताना

सुरुवात स्पीकरच्या खालच्या टोकापासून करायची. ज्या वारंवारतेला स्पीकर ३ डेसिबलने खाली येतो, तिच्यावर अर्धे ते एक सप्तक जागा सोडून सीमा ठेवणे हा रुळलेला नियम आहे. अर्धे सप्तक म्हणजे सुमारे १.४ पट. ७० हर्ट्झला थकणाऱ्या स्पीकरला १०० द्यावेत, ८५ ला थकणाऱ्याला १२०. माहितीपत्रकातला आकडा मात्र नीट वाचावा. अनेक उत्पादक १० डेसिबलने खाली आलेली वारंवारता छापतात, आणि ‘५० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ’ असे लिहिलेला स्पीकर ८० लाच दमलेला असू शकतो. छतातल्या स्पीकरचा आवाज किती रुंद पसरतो याचा विचारही डॉल्बी कंपनी १०० हर्ट्झपासून वर, १० किलोहर्ट्झपर्यंत करते. स्पीकरच्या समोरच्या सरळ रेषेपासून ४५ अंशांपर्यंत एवढा पल्ला मिळत असेल, तर स्पीकर सरळ खाली तोंड करून बसवला तरी चालतो, असे तिचे मार्गदर्शन आहे. १०० चा आकडा छतासाठी अगदीच हवेतून आलेला नाही, तो असा.

स्पीकर कसा बसवला आहे याने हिशेब बदलतो. छताच्या पृष्ठभागाशी समतल बसवलेल्या स्पीकरला छताचा आधार मिळतो आणि खालचा आवाज थोडा भरदार होतो. पण त्याच्यामागे बंद पेटी नसेल तर छतामागची पोकळीच त्याची पेटी होते. प्रत्येक घरात ती वेगळी असते, आणि जिप्समचे तक्ते व दिव्यांच्या कड्या खर्जाबरोबर थरथरतात. असे छत असेल तर हिशेबात काहीही आले तरी सीमा १२० ठेवलेली बरी. याउलट स्पीकर छतापासून अर्धा मीटर खाली लटकवला, तर छतावर आपटून येणारा आवाज एक मीटर जास्त चालतो आणि सुमारे १७० हर्ट्झला मूळ आवाज खोडतो. हा खड्डा क्रॉसओव्हरने बुजत नाही. स्पीकर छताजवळ नेणे हाच उपाय.

छताकडे आवाज फेकणाऱ्या, म्हणजे अ‍ॅटमॉस-एनेबल्ड स्पीकरांची गोष्ट निराळी आहे. त्यांचा आवाज छतावरून परतून यायला हवा. थेट कानात आला तर भास मोडतो. खालच्या वारंवारता मात्र लहान ड्रायव्हरमधून (आवाज काढणाऱ्या भागातून) सगळीकडे सारख्याच पसरतात, त्यांना दिशा देता येत नाही. म्हणून सीमा १८० हर्ट्झच्या आसपास धरतात आणि त्याखालचा आवाज दुसरीकडे वळवतात. रिसीव्हरमध्ये या स्पीकरांचा प्रकार अचूक निवडला तर ही व्यवस्था बहुधा आपोआप होते. येथे १०० वर उतरण्याचा मोह अनेकांना होतो. त्याने मिळते फार थोडे, आणि आवाज स्पीकरच्या पेटीतूनच येतोय हे कळू लागते.

मापन आणि जुळणी

रिसीव्हरचे स्वयंचलित कॅलिब्रेशन, म्हणजे खोलीनुसार आवाजाची आपोआप जुळणी, मायक्रोफोनने स्पीकर कुठे उतरतो ते पाहून सीमा सुचवते. खोलीच्या अनुनादाने ६० हर्ट्झला फुगवटा दिला असेल तर ती फसते आणि चिमुकल्या स्पीकरलाही ६० देऊन मोकळी होते. कधीकधी स्पीकरला ‘लार्ज’, म्हणजे पूर्ण खर्ज पेलणारा, ठरवून खर्ज वळवणेच थांबवते. सुचवलेला आकडा वर नेण्यात धोका नसतो. खाली आणण्यात असतो, कारण ऑडिसीसारख्या कॅलिब्रेशनच्या पद्धती मोजलेल्या टोकाच्या खाली त्या स्पीकरवर दुरुस्ती करत नाहीत.

सेटिंगमध्ये जवळच दिसणारा एलएफईचा, म्हणजे चित्रपटातल्या खास खर्जाच्या चॅनेलचा, लो-पास फिल्टर (ठरावीक सीमेवरचा आवाज गाळणारी गाळणी) हा वेगळा विषय आहे. तो फक्त स्वतंत्र एलएफई चॅनेलला लागू होतो आणि १२० हर्ट्झवरच ठेवायचा असतो. छतातले स्पीकर ८० वर आहेत म्हणून तोही ८० करणाऱ्याच्या हातून ध्वनिपट्टीतला खरा मजकूर कापला जातो. सबवूफरच्या पाठीवरची क्रॉसओव्हरची कळही कमाल आकड्यावर किंवा बायपासवर हवी. नाहीतर एकाच आवाजाला दोनदा गाळणी लागते, आणि छतासाठी १२० निवडूनही ८० ते १२० चा पट्टा कुणीच वाजवत नाही.

सीमेवर दोन्ही बाजूंचा आवाज एकाच वेळी पोचतो की नाही, यावर बरेच काही ठरते. १०० हर्ट्झच्या एका आवर्तनाला १० मिलिसेकंद लागतात. ५ मिलिसेकंदांची चूक झाली की दोन्ही आवाज एकमेकांना खातात. आवाज मिलिसेकंदाला सुमारे ३४ सेंटीमीटर जातो. सबवूफरच्या आतली प्रक्रिया स्वतःचा उशीर वाढवते, म्हणून कॅलिब्रेशन त्याचे अंतर फीतपट्टीने मोजल्यापेक्षा जास्त दाखवते. ते ‘चुकीचे’ समजून खरे अंतर भरणे ही हमखास होणारी गडबड. सबवूफरचे अंतर सहसा पुढच्या स्पीकरांशी जुळवलेले असते. ते छतातल्यांशीही जुळेल याची खात्री नसते, आणि एकाच आकड्याने सगळ्यांचे समाधान होत नाही. म्हणून छतातला एक स्पीकर आणि सबवूफर एवढेच चालू ठेवून रूम ईक्यू विझार्डसारख्या संगणकावरच्या मापन-प्रणालीने आलेख काढावा, मग ९०, १००, ११०, १२० असे बदलत जाऊन सीमेजवळचा खड्डा कुठे सर्वांत उथळ होतो ते पाहावे. नियमाने निघालेल्या आकड्यापेक्षा या आलेखाला मान द्यावा.

सगळ्या स्पीकरांना एकच सीमा असावी, असा आग्रह धरणारे पुष्कळ आहेत. फिरता आवाज बाजूच्या स्पीकरकडून छताकडे जाताना त्याचा खर्ज एकदम जागा बदलू नये, हा त्यांचा मुद्दा योग्य आहे. पण ८० आणि १०० यांतला फरक चालत्या दृश्यात जाणवण्याइतका नसतो. ८० आणि २०० यांतला असू शकतो. डिरॅकची अ‍ॅक्टिव्ह रूम ट्रीटमेंट ही खोलीतला आवाज दुरुस्त करणारी प्रणाली तर एका स्पीकरच्या खर्जातल्या दुरुस्तीला इतर स्पीकरही कामाला लावते, त्यामुळे तिथे ही सीमा पूर्वीच्या अर्थाने उरतच नाही. जुन्या काही रिसीव्हरांत याच्या उलट अडचण असते. सर्व चॅनेलांना मिळून एकच क्रॉसओव्हर मिळतो, तेव्हा सर्वांत दुबळ्या स्पीकरला झेपेल तो आकडा सगळ्यांना द्यावा लागतो, आणि हा दुबळा स्पीकर बहुतेक वेळा छतातच असतो.