आयोडीनच्या गोळीचे कुलूप कोणत्या दाराला?

मार्च २०११ मध्ये जपानच्या फुकुशिमा अणुवीज केंद्रात अपघात झाला आणि पुढच्या काही दिवसांत चीनमधल्या दुकानांतले मीठ संपले. मिठात आयोडीन असते, आयोडीन किरणोत्सारापासून वाचवते, म्हणून मीठ भरून ठेवा, असा तो हिशेब. यातले पहिले वाक्य खरे, दुसरे अर्धेच खरे, आणि हिशेब तर कोणी मांडलाच नव्हता. तो मांडून पाहू. आयोडीनयुक्त मिठात किलोमागे साधारण २० ते ४० मिलिग्रॅम आयोडीन असते. थायरॉईड ग्रंथी वाचवायची तर मोठ्या माणसाला एका वेळी १०० मिलिग्रॅम आयोडीन घ्यावे लागते. म्हणजे एका बैठकीत अडीच ते पाच किलो मीठ! एवढे मीठ पोटात गेल्यावर किरणोत्साराला करण्यासारखे काही उरत नाही.

समुद्री शेवाळाच्या 'नैसर्गिक' गोळ्यांचीही तीच गत. १५० मायक्रोग्रॅम आयोडीनची गोळी रोजची गरज बरोबर भागवते. पण १०० मिलिग्रॅम गाठायला अशा साडेसहाशेहून अधिक गोळ्या लागतील. शिवाय शेवाळातले आयोडीन जातीगणिक शेकडो पटींनी बदलते, त्यामुळे मात्रेचा भरवसा नाही तो नाहीच.

आता ते अर्धे खरे वाक्य. किरणोत्सार दोन वाटांनी गाठतो. एक बाहेरून: क्ष-किरण किंवा गॅमा किरण शरीरातून आरपार जातात. यंत्र बंद झाले की मागे काही उरत नाही, आणि या किरणांना अडवणारे कवच कोणत्याही अन्नाने तयार होत नाही. दुसरी वाट आतून: किरणोत्सारी अणू श्वासाबरोबर, पाण्याबरोबर, अन्नाबरोबर आत शिरतात आणि तिथे मुक्काम ठोकतात. आहार आणि औषधे यांना काही करता येते ते फक्त या दुसऱ्या वाटेवर. कारण शरीराला किरणोत्सार ओळखता येत नाही, रसायन तेवढे ओळखता येते. आयोडीन-१३१ ला ते साधे आयोडीन समजते, सीझियम-१३७ ला पोटॅशियमचा भाऊबंद आणि स्ट्रॉन्शियम-९० ला कॅल्शियम. प्रत्येकाचे दार वेगळे, म्हणून कुलूपही वेगळे. आयोडीनची गोळी सीझियमपुढे निकामी, आणि बाहेरून येणाऱ्या गॅमा किरणांपुढेही.

आयोडीनचे दार मात्र जवळ जाऊन पाहण्यासारखे आहे. थायरॉईडच्या पेशीच्या पटलात एक वाहक प्रथिन असते, सोडियम-आयोडाइड सिम्पोर्टर. रक्तात आयोडाइड (म्हणजे आयोडीनचा विद्युतभारित अणू) इतके विरळ असते की ते आपणहून पेशीत शिरणार नाही. उलट चढावर ओढून आणावे लागते. त्यासाठी पेशी आधी एक दुसरा पंप चालवून सोडियमचे आयन सतत बाहेर फेकत राहते. बाहेर सोडियमची गर्दी, आत टंचाई. सोडियमला आत घुसायची घाई असते आणि सिम्पोर्टर त्याला एका अटीवर आत घेतो: दोन सोडियम आयनांमागे एक आयोडाइड आयन बरोबर आणायचा. सोडियमच्या उताराच्या जोरावर आयोडाइड चढ चढते आणि पेशीत रक्ताच्या २० ते ४० पट साठते. पुढे थायरॉईड पेरॉक्सिडेज हे विकर (एन्झाइम) हायड्रोजन पेरॉक्साइडच्या मदतीने ते आयोडाइड थायरोग्लोब्युलिन या मोठ्या प्रथिनावर जडवते. एकदा जडले की आयोडीन ग्रंथीत अनेक आठवडे अडकते.

आयोडीन-१३१ चे अर्धायुष्य, म्हणजे त्याचे निम्मे अणू फुटायला लागणारा वेळ, आहे ८ दिवस. म्हणजे ग्रंथीत जडलेले बहुतेक अणू तिथेच फुटतात. फुटताना सुटणाऱ्या बीटा कणांची (वेगवान इलेक्ट्रॉनांची) मजल शरीराच्या उतीमध्ये मिलिमीटरच्या आसपास, तेव्हा जवळजवळ सगळा मार ग्रंथीच खाते. मोठ्या माणसाची ग्रंथी १५-२० ग्रॅमची, वर्षाच्या बाळाची जेमतेम दोन ग्रॅमची. तेवढाच मारा दहाव्या हिश्श्याच्या ग्रंथीवर केंद्रित होतो, आणि वर बाळ दूधही जास्त पिते. चेर्नोबिलच्या अणुवीज केंद्रातल्या अपघातानंतर मुलांमध्ये थायरॉईडचा कर्करोग वाढला त्यात मोठा वाटा दुधाचा होता: ढगातून गवतावर, गवतावरून गाईत, गाईतून पेल्यात.

पोटॅशियम आयोडाइडची गोळी इथे दोन कामे करते. पहिले काम निव्वळ गर्दीचे. दहा लाख बेक्वेरेल (सेकंदाला एक अणू फुटला तर एक बेक्वेरेल) आयोडीन-१३१ म्हणजे भीतीदायक आकडा वाटतो. वजन केले तर ते एका नॅनोग्रॅमचा पाचवा भाग भरते. १३० मिलिग्रॅमच्या गोळीत १०० मिलिग्रॅम साधे आयोडीन असते, म्हणजे त्याच्या सुमारे पन्नास कोटी पट. सिम्पोर्टरच्या दाराशी एवढी झुंबड उडाल्यावर त्या मूठभर किरणोत्सारी अणूंना आत शिरायला वाव कुठला? शिरले नाहीत की मूत्रपिंडे त्यांना एक-दोन दिवसांत लघवीवाटे बाहेर काढतात. दुसरे काम अधिक मजेदार आहे. वुल्फ आणि चायकॉफ या दोघांनी १९४८ मध्ये उंदरांवरच्या प्रयोगांतून दाखवले की रक्तात आयोडाइड फार वाढले तर ग्रंथी ते प्रथिनावर जडवायचे कामच थांबवते. कच्चा माल अतोनात आला म्हणून कारखान्याने यंत्रे बंद करावीत, तसे. हा संप फार टिकत नाही. दोनेक दिवसांत पेशी पटलावरचे सिम्पोर्टर कमी करते, आतले आयोडाइड उतरते आणि काम पुन्हा सुरू होते. नवजात बाळाच्या ग्रंथीला मात्र ही सुटका नीट जमत नाही. संप लांबतो, संप्रेरक कमी पडते आणि ऐन मेंदूच्या वाढीच्या काळात ते महागात जाते. म्हणून महिन्याच्या आतल्या बाळाला एकच मात्रा द्यायची आणि नंतर थायरॉईडची तपासणी करायची, असा नियम आहे.

या यंत्रणेतूनच वेळेचे गणित निघते. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनानुसार गोळीची उत्तम वेळ म्हणजे संपर्काच्या आधीच्या २४ तासांपासून संपर्क सुरू झाल्यानंतर २ तासांपर्यंत. ८ तासांपर्यंत घेतली तरी काही उपयोग होतो. २४ तासांनंतर घेतली तर अपायच व्हायचा, कारण आत गेलेले किरणोत्सारी आयोडीन ग्रंथीत जास्त काळ अडकून राहते. चोर घरात शिरल्यावर बाहेरून कडी घालण्यासारखे! एका मात्रेचा परिणाम साधारण एक दिवस टिकतो. 'खबरदारी म्हणून' आठवडाभर आधीपासून रोज एक घेण्यात शहाणपण नाही. गोळी घ्या असे आरोग्य यंत्रणेने सांगितल्यावरच घ्यायची.

मात्रा अशी: १२ वर्षांवरील सर्वांना १३० मिलिग्रॅम पोटॅशियम आयोडाइड, ३ ते १२ वर्षे ६५, एक महिना ते तीन वर्षे ३२, महिन्याच्या आत १६. घरात एकच १३० ची गोळी असेल तर हातांनी तुकडे करून सोळा मिलिग्रॅम काही साधत नाही. गोळीची पूड करून २० मिलिलिटर पाण्यात पूर्ण विरघळवायची, मग त्यात २० मिलिलिटर फळांचा रस किंवा दूध घालायचे. आता दर ५ मिलिलिटरमध्ये १६ मिलिग्रॅम आहे: नवजाताला एक चमचा, तान्ह्याला दोन, मोठ्या मुलाला चार. चमचा औषधाचा, मापाचा घ्यावा. चव धातूसारखी, खारट-कडू असते. नुसत्या पाण्यातून दिले तर मूल थुंकून टाकते आणि किती पोटात गेले हे कळत नाही, म्हणून रस. मिश्रण फ्रिजमध्ये सात दिवस टिकते. चाळिशीनंतर किरणोत्सारी आयोडीनमुळे कर्करोग होण्याची शक्यता फार कमी आणि गोळीमुळे ग्रंथी बिघडण्याची शक्यता जास्त, त्यामुळे गोळ्या मोजक्या असतील तर त्या मुलांना, गरोदर आणि स्तनपान करणाऱ्या बायांना आधी. गाठी असलेला गलगंड किंवा ग्रेव्हज विकार (थायरॉईड अतिरेकी काम करते तो आजार) असलेल्यांनी डॉक्टरांना विचारूनच घ्याव्यात. आणि जखमेवर लावायचे पोव्हिडोन आयोडीन पिऊ नये, कितीही आयोडीन त्याच्या नावात असो.

पोलंडने १९८६ मध्ये चेर्नोबिलच्या अपघातानंतर तीन दिवसांत आयोडीनचा द्राव वाटायला सुरुवात केली. एक कोटीहून अधिक मुलांना तो मिळाला. त्याच वेळी त्यांनी मुलांचे ताजे दूध थांबवून भुकटीचे सुरू केले, हे सहसा कोणी सांगत नाही. आयोडीन-१३१ पुरता हा उपाय गोळीच्या तोडीचा आहे. ८० दिवस म्हणजे दहा अर्धायुष्ये. तेवढ्यात ते हजारात एक भाग उरते. दुधाची भुकटी करून तीन महिने ठेवली की काम झाले.

सीझियम-१३७ ला मात्र असे थांबून चालत नाही, त्याचे अर्धायुष्य ३० वर्षांचे. त्याचे कुलूप निळे आहे: प्रशियन ब्लू, चित्रकारांचा जुना रंग. सीझियम पित्तातून आतड्यात उतरते आणि तिथून पुन्हा रक्तात शोषले जाते, अशा फेऱ्या घालत राहते. प्रशियन ब्लूच्या स्फटिकात जाळीदार पोकळ्या असतात, सीझियमचा आयन तिथे नेमका बसतो. रंग स्वतः शोषला जात नाही, सीझियम पोटात धरून विष्ठेवाटे निघून जातो. १९८७ मध्ये ब्राझीलच्या गोयानिया शहरात सोडून दिलेल्या रुग्णालयातले सीझियमचे उपकरण भंगारात फुटले. २४९ जण दूषित झाले, चौघे दगावले. ४६ जणांना प्रशियन ब्लू दिला गेला आणि मोठ्या माणसांच्या शरीरातले सीझियम निम्मे व्हायला ८० ऐवजी सुमारे २५ दिवस लागले. दुष्परिणाम म्हणजे बद्धकोष्ठता, पोटॅशियम कमी होणे आणि निळी विष्ठा. हे रुग्णालयातले औषध आहे, रंगाच्या दुकानातला डबा उघडायचा नाही. प्लुटोनियमसाठी डीटीपीए नावाचे शिरेतून द्यायचे औषध आहे. ते शरीरातले जस्तही ओढून नेते.

स्वयंपाकघरात करण्यासारखे थोडे आहे, पण खरे आहे. पालेभाजीवर बसलेली धूळ वाहत्या पाण्याने जाते, कंदमुळांची साल जाडसर काढावी. सीझियम पाण्यात विरघळते, म्हणून भाजी भरपूर पाण्यात उकळून पाणी फेकले तर त्यातले बरेचसे जाते. त्याच पाण्याचे सूप केले तर ते परत ताटात येते. पिण्याचे पाणी उकळल्याने जंतू मरतात, अणूला १०० अंशांचे काही सोयरसुतक नाही. वाफ गेल्याने उरलेले पाणी उलट थोडे दाटच होते.

आता किरणोत्सारापासून वाचवतात अशी जाहिरात होते ती अँटिऑक्सिडंट. किरण पेशीतल्या पाण्याचे तुकडे करतात, त्यातून हायड्रॉक्सिल मूलक हा अतिशय क्रियाशील तुकडा सुटतो आणि तो डीएनए तोडतो, इथपर्यंत जाहिराती बरोबर असतात. हा मूलक काही नॅनोसेकंदच जगतो आणि तेवढ्यात काही नॅनोमीटरच सरकतो. डीएनएची जाडी दोन नॅनोमीटर. त्याला अडवणारा रेणू त्या क्षणी, त्याच जागी, मोठ्या संख्येने हजर हवा. पेशीत ग्लुटाथायोन हे तिचे स्वतःचे अँटिऑक्सिडंट आधीच १ ते १० मिलिमोलर (मिलिमोलर हे द्रावातल्या प्रमाणाचे एकक) असते. तोंडाने कितीही क जीवनसत्त्व घेतले तरी रक्तातले प्रमाण ०.२ मिलिमोलरच्या आसपास थांबते, जास्तीचे लघवीत. क्ष-किरण काढून आल्यावर घेतलेली गोळी तर अब्जावधी नॅनोसेकंद उशिरा पोचते. ॲमिफॉस्टिन हे खरोखर काम करणारे औषध रेडिओथेरपीच्या आधी शिरेतून द्यावे लागते आणि त्याने उलट्या होतात, रक्तदाब कोसळतो. रेडिओथेरपी चालू असलेल्यांनी मनाने ई जीवनसत्त्व घेऊ नये. कॅनडातल्या ५४० रुग्णांच्या चाचणीत पूरक गोळ्यांनी उपचाराचा त्रास कमी केला, पण गोळ्या चालू असताना ई जीवनसत्त्वाच्या गटात नवे कर्करोग अधिक आढळले.

मोबाईलच्या लहरींपासून वाचवणाऱ्या लॉकेटांबद्दल एवढेच: २०२१ च्या डिसेंबरमध्ये नेदरलँड्सच्या अणुसुरक्षा यंत्रणेने अशी काही उत्पादने तपासली, तर लॉकेटच किरणोत्सारी निघाली.

थायरॉईडच्या त्या सिम्पोर्टरच्या दाराचा उलटा वापर रोज होतो. थायरॉईडचा कर्करोग काढल्यानंतर उरल्यासुरल्या पेशी मारायला डॉक्टर मुद्दाम आयोडीन-१३१ देतात. तेव्हा सिम्पोर्टर भुकेलेला हवा, म्हणून आधी एक-दोन आठवडे दिवसाला ५० मायक्रोग्रॅमच्या आत आयोडीन: दूध, अंड्याचा बलक, समुद्री मासे, आयोडीनयुक्त मीठ बंद. इथे एक चूक हमखास होते, रुग्ण मीठच सोडतात आणि सोडियम उतरून गळून जातात. बिनआयोडीनचे मीठ खायचे असते. दुसरी चूक सीटी स्कॅनची. त्यात चित्र स्पष्ट यावे म्हणून शिरेतून दिलेल्या १०० मिलिलिटर कॉन्ट्रास्ट द्रावामध्ये ३० ग्रॅमहून जास्त आयोडीन असते, त्यामुळे उपचार काही आठवडे पुढे ढकलावा लागतो. तिसरी सहसा कोणाच्या लक्षात येत नाही: गुलाबी-लाल कॅप्सूलच्या आवरणात एरिथ्रोसिन हा रंग असू शकतो, आणि त्याच्या वजनात अर्ध्याहून जास्त आयोडीनच असते.