तीन बस एकदम का येतात?

अर्धा तास बसचा पत्ता नाही आणि मग एकाच नंबरच्या तीन बस एकामागोमाग हजर. थांब्यावरचा निकाल ठरलेला: ड्रायव्हर चहाला थांबले असणार, तिघेही मिळूनच निघाले असणार. पण डेपोतून दहा-दहा मिनिटांनी काटेकोर सोडलेल्या बसही वाटेत आपोआप एकमेकींना गाठतात. गॉर्डन न्यूएल आणि रेनफ्री पॉट्स या संशोधकांनी १९६४ सालीच याचं गणित मांडलं. त्याची जात चक्रवाढ व्याजाची आहे.

समजा, प्रत्येक थांब्यावर मिनिटाला ३ प्रवासी येतात आणि एकाला चढायला ३ सेकंद लागतात. दहा मिनिटांनी येणाऱ्या बससाठी ३० जण जमतात, बस ९० सेकंद थांबते. आता एक बस पहिल्या थांब्याआधीच सिग्नलला मिनिटभर अडकली. थांब्यावर ३३ जण उभे, म्हणजे ९९ सेकंद. ६० सेकंदांचा उशीर ६९ झाला. पुढच्या थांब्यावर तो पुन्हा १.१५ पट. हे ०.१५ म्हणजे मिनिटाला येणारे प्रवासी गुणिले एकाला चढायला लागणारी मिनिटं, ३ × ०.०५. पाच थांब्यांत उशीर दुप्पट होतो, दहा थांब्यांत चौपट.

मागच्या बसचं नेमकं उलट. तिला नऊच मिनिटांची गर्दी मिळते, २७ जण. ती ९ सेकंद लवकर सुटते, पुढे आणखी कमी माणसं भेटतात, आणखी लवकर सुटते. ‘थ’ थांब्यांनंतर ती ०.१५ × थ × (१.१५ चा थ–१ वा घात) इतकी मिनिटं वेळेआधी असते. दहा थांबे झाल्यावर पुढची बस ४.०५ मिनिटं उशिरा, मागची ५.२८ मिनिटं लवकर. दोघींत दहा मिनिटांचं अंतर होतं, उरले ४० सेकंद.

प्रत्यक्षात याहून वाईट होतं, कारण दारात लोंबकळणारी माणसं असली की चढायला ३ सेकंद पुरत नाहीत. पुढची बस खचाखच, मागची रिकामी. खेपांच्या हिशेबात मात्र सगळं आलबेल दिसतं. अर्ध्या तासात तीन बस सारख्या अंतराने आल्या तर प्रवासी सरासरी ५ मिनिटं थांबतो. त्याच तीन बस २८, १ आणि १ मिनिटाच्या अंतराने आल्या तर १३ मिनिटं, कारण बहुतेक माणसं त्या २८ मिनिटांच्या खिंडीतच थांब्यावर येतात. बस तितक्याच, डिझेल तितकंच.

म्हणून घाव घालायचा तो त्या ३ सेकंदांवर. ब्राझीलमधल्या कुरितिबा शहराने १९९१ मध्ये नळकांड्यासारखे थांबे उभारले. पैसे आत शिरतानाच भरायचे, फलाट बसच्या तळाच्या उंचीला, सगळ्या दारांतून चढ-उतार, आणि फट बुजवायला बसमधूनच खाली पडणारी फळी. हा वेळ माणशी अर्ध्या सेकंदावर आला असं धरून वरचं गणित पुन्हा केलं, तर दहा थांब्यांनंतर दोन बसमध्ये ८.४ मिनिटं शिल्लक राहतात. आपल्याकडे बसच्या तळाची उंची ४००, ६५० किंवा ९०० मिलिमीटर असते. ९०० चा फलाट बांधून त्याला ४०० ची बस लावली तर सगळा खर्च पाण्यात. बस फलाटापासून फूटभर लांब लागली तरी तेच: आजी आधी काठी टेकवून अंदाज घेतात, मग पाऊल टाकतात, आणि त्यात गेलेले सेकंद पुढे प्रत्येक थांब्यावर वाढत जातात. थांबा सिग्नलच्या अलीकडे असेल तर माणसं चढेपर्यंत हिरवा निघून जातो. थांबा चौक ओलांडल्यावर हवा.

उड्डाणपुलाने यातलं फक्त सुरुवातीचं एक मिनिट वाचेल, तेही वाचलं तर. बस विजेची केली तर धूर जाईल, झुंड तशीच राहील. मुंबई-पुणे हायपरलूपचा, म्हणजे नळीतून धावणाऱ्या अतिवेगवान गाडीचा, २०१८ मध्ये केवढा गाजावाजा झाला होता. ती आणणारी कंपनी २०२३ अखेर बंदही पडली. फलाटाच्या उंचीसाठी कुणी नारळ फोडत नाही.

दुसरा इलाज म्हणजे बस मुद्दाम रोखणं. अमेरिकेत अटलांटातल्या जॉर्जिया टेक विद्यापीठाच्या बसमार्गावर वेळापत्रकच बाजूला ठेवून हे करून पाहिलं गेलं. नियम असा: रोखण्यासाठी ठरवलेल्या थांब्यावर आलेल्या बसने मागची बस किती मिनिटं दूर आहे ते पाहायचं आणि त्याच्या ठरावीक हिश्श्याइतकं थांबायचं. मागची लांब असेल तर जास्त, जवळ असेल तर कमी. अंतरं हळूहळू आपोआप सारखी होतात. रोखायचं ते शक्यतो शेवटच्या थांब्यावर, जिथे बसमध्ये माणसं कमी असतात. वाटेत रोखायचं तर थांब्याला रस्त्याबाहेर खाच हवी, नाहीतर रोखलेली बस मागच्यांची वाट अडवते. शिवाय ड्रायव्हरची हजेरी वेळापत्रकावर मोजायची आणि बस मात्र अंतरावर चालवायला सांगायचं, हे एकत्र चालत नाही. उशिराचा शेरा आपल्याच नावावर पडणार असेल तर तो थांबणार नाही.