बडोद्याचा रसायनपट्टा आणि ८९चा आकडा

बडोद्यात रसायनांची विद्या कारखान्यांच्या आधी आली. १८९०मध्ये कलाभवन निघालं, तिथे कापड रंगवण्याचं शास्त्र शिकवलं जाऊ लागलं. १९०७मध्ये औषधांचे अर्क बनवणारा कारखाना उभा राहिला.

पट्टा म्हणावा असं काही झालं ते १९६५नंतर. कोयलीची रिफायनरी, बाजव्याचा खतकारखाना, मग पेट्रोकेमिकल संकुल, नंदेसरीची वसाहत. एकाचं उत्पादन शेजाऱ्याचा कच्चा माल व्हायचं. माणसं नोकरी बदलताना कसबही सोबत नेत, त्यामुळे नवी प्रक्रिया एकीकडे जमली की पसरायला वेळ लागत नसे. सांडपाण्यालाही सामायिक उत्तर सापडलं: १९८३पासून पन्नासाहून अधिक किलोमीटरचा कालवा ते मही नदीच्या मुखाकडे नेतो. वाटेवरच्या गावांच्या विहिरींनी त्याची किंमत मोजली. हवेसाठी तर असा कालवाही खणता येत नाही.

वाद मात्र प्रदूषणाच्या आकड्याचा आहे. २००९मध्ये देशातल्या ८८ औद्योगिक समूहांना प्रदूषणाचे गुण दिले गेले; गुण जितके जास्त, तितकी स्थिती वाईट. ७०च्या वर असलेल्या ४३ ठिकाणी २०१०च्या जानेवारीत नव्या प्रकल्पांची पर्यावरण-मंजुरी थांबली. बडोदे ६० ते ७०च्या गटात होतं, म्हणून इथे काहीच थांबलं नाही. एका रेषेवर इतकं काही ठरावं, हे मला तेव्हाही पटलं नव्हतं. २०१६मध्ये मोजण्याची रीत बदलली आणि २०१८च्या यादीत बडोद्याला ८९.०९ गुण मिळाले. पद्धतच वेगळी असल्याने दोन्ही आकडे शेजारी ठेवून ‘इतकं बिघडलं’ म्हणणं चूक आहे. शिवाय हा हवेचा आकडा नव्हे. हवा, पाणी, जमीन यांपैकी ज्याचे गुण सर्वांत वाईट, ते पाया धरले जातात. उरलेली दोन त्यात थोडी भर घालतात. यादीत तिन्हींचे गुण वेगळे असतात, बातमीत एकच येतो. थंडीत गार हवा जमिनीलगत अडकते, तेव्हा छाणी-गोरव्याकडच्या माणसाला त्या एका आकड्यातून श्वासाबद्दल काहीच कळत नाही.

हवेसाठी सामायिक उपाय शेजारच्या सुरतेत २०१९मध्ये सुरू झाला. कापड कारखान्यांच्या धुराड्यांवर सतत मोजणारी यंत्रं बसली, उत्सर्जनाच्या परवान्यांची खरेदी-विक्री झाली (कमी धूर सोडणारा उरलेला परवाना दुसऱ्याला विकू शके) आणि कणांचं उत्सर्जन २० ते ३० टक्क्यांनी उतरलं. पण तिथे मोजायचे होते फक्त धुराचे कण. बडोद्याच्या पट्ट्यात सल्फर डायऑक्साइड आहे, अमोनिया आहे, द्रावकांच्या वाफा आहेत. त्यातल्या कितीतरी धुराड्यातून नव्हे, झडपा आणि टाक्यांच्या फटींतून निसटतात.